धूळपाटी, रीत आणि कारण

मंडळी, आज आपण देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्यापासून सुरुवात करू. हे बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. 1832च्या 'दर्पण'मुळे त्यांची पत्रकार म्हणून ओळख पक्की झाली, आणि त्यात त्यांचं गणित झाकलं गेलं. 1834 मध्ये ते एल्फिन्स्टन कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर झाले. 'शून्यलब्धिगणित' हे कलनशास्त्रावरचं पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. आपला प्रश्न मात्र लहान मुलांचा आहे. गणित करताना डोक्यात काय चाललं, हे आपल्या मुलांना लिहायला कुणी शिकवलं का?

पंतोजींच्या शाळेत गणित हे कानाचं आणि जिभेचं काम. धूळपाटीवर आकडे काढायचे, पुसायचे, आणि एका सुरात पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, औटकी म्हणायची. औटकी म्हणजे चक्क साडेतीनचा पाढा! याला नुसती घोकंपट्टी म्हणून हसू नये. बाजारात ते पोरगं कुणाला फसलं नसतं. पण धूळ पुसली की रीतही गेली. उरायचं ते उत्तर.

1820च्या दशकात मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीसाठी जॉर्ज जर्विस या इंग्रज अधिकाऱ्यानं शास्त्र्यांच्या मदतीनं मराठीत गणिताची पुस्तकं तयार केली. पुढे बाळशास्त्री याच संस्थेचे नेटिव्ह सेक्रेटरी झाले. छापील पुस्तकामुळे गणिताला मराठी वाक्यं मिळाली, ही मोठीच गोष्ट. पण ती वाक्यं पुस्तकाची. मुलांनी पाढ्यांच्या जोडीला नियमही पाठ केले, एवढंच! 1845 मध्ये बाळशास्त्रींकडे अध्यापक वर्ग आला, आणि आमच्या मते खरी वाट तिथूनच जात होती, 'कसं केलंस?' असं विचारणारा मास्तर आधी घडायला हवा ना. पण 1846 मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले.

आता आजची वही बघू. आंब्याच्या पेटीत पाच डझन. एकूण आंबे किती? मुलगी लिहिते 12 × 5 = 60. रीत बरोबर, पूर्ण गुण. तिलाच तोंडी विचारा, ती म्हणेल, "डझनात धा नि दोन. धाचे पाच पन्नास, दोनाचे पाच धा, झाले साठ." अहो, यात गुणाकाराचं वितरण आहे! वहीत त्याचा मागमूस नाही, कारण तिनं ऐकलंय की वहीत प्रमाण मराठीच लिहायची, आणि त्या भाषेत हे सांगायला तिच्याकडे शब्द नाहीत.

2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'शेजारी 'वीस सात' आलं, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. पण संख्येच्या नावानं मूल अडखळतं, हे तेव्हा निदान चर्चेत तरी आलं. घरच्या बोलीत लिहिलेल्या कारणाबद्दल मात्र अजून कुणी भांडत नाही. त्या 'धाचे पाच'खाली लाल रेघ ओढायची, की पुढे "मग पंधराचे पाच किती, नि कसे?" असं लिहून वही परत द्यायची? आम्ही तरी वही परत देऊ.