बोर घाटातील रेल्वेचे कमानी पूल

मुंबई व पुणे या दोन नगरांना जोडणाऱ्या लोहमार्गावरील बोर घाटाचा टप्पा हा एकोणिसाव्या शतकातील स्थापत्यशास्त्राचा एक महत्त्वाचा अध्याय मानला जातो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ मध्ये या कामास प्रारंभ केला आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या हस्ते हा मार्ग खुला झाला. तत्पूर्वी खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची गाडी १८५८ मध्येच सुरू झाली होती. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने पार करावा लागे.

व्हायाडक्ट, म्हणजे खोल दरीवरून मार्ग नेणारा अनेक कमानींचा उंच पूल, ही इंग्लंडच्या रेल्वेयुगाची देणगी होय. ससेक्समधील औस नदीच्या खोऱ्यावरील ३७ कमानींचा पूल १८४१ मध्ये वापरात आला. याच अनुभवाच्या आधारे सह्याद्रीचे आव्हान स्वीकारण्यात आले. विख्यात अभियंते रॉबर्ट स्टीफन्सन हे कंपनीचे सल्लागार, तर जेम्स बर्कले हे मुख्य अभियंता होते.

घाटातील मार्ग सुमारे १६ मैलांचा असून त्यात १,८३१ फुटांची चढण होती. काही ठिकाणी दर ३७ फुटांमागे १ फूट इतका तीव्र चढ ठेवावा लागला. यासाठी २५ बोगदे, ८ व्हायाडक्ट व अनेक लहान पूल बांधण्यात आले. एका ठिकाणी गाडीची दिशाच उलट करण्याची, म्हणजे रिव्हर्सिंग स्टेशनची, योजना करावी लागली. हा मार्ग शिंग्रोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना दाखविला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. तिला दप्तरी आधार नसला तरी घाटातील त्याच्या मंदिरापुढे वाहनचालक आजही हात जोडतात.

बांधकामाचा इतिहास मात्र कष्टाचा आहे. पहिले कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल यांच्या काळात थकलेल्या मजुरीवरून १८५९ च्या आरंभी कामगारांचा उद्रेक झाला व त्यांनी कंत्राट सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल हे भारतात आल्यावर अल्पावधीतच आजाराने निधन पावले. तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट आपल्याकडे ठेवले आणि दोन अभियंत्यांच्या साहाय्याने ते पूर्णत्वास नेले. त्या काळात एका स्त्रीने अशी जबाबदारी पेलावी, ही असाधारण बाब होती. बर्कले यांना मात्र उद्घाटन पाहता आले नाही. १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

१८६१ च्या सुमारास घाटात ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. पावसाळ्यात बहुतेक कामे थांबत. उभ्या कड्यांवर दोराने लोंबकळत सुरुंगांसाठी छिद्रे पाडली जात. अपघातांपेक्षाही पटकीने अधिक बळी घेतले. त्या मजुरांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. इंग्लंडमध्येही चित्र फारसे निराळे नव्हते. यॉर्कशायरमधील २४ कमानींचा प्रसिद्ध रिबलहेड पूल १८७० नंतर बांधला गेला, तेव्हा तेथील मजूर वस्त्यांतही रोगराई व अपघातांनी अनेकांचा अंत झाला.

या घाईची किंमत लवकरच चुकती करावी लागली. इंग्रजी दप्तरात 'म्हौ की मळी' या नावाने नोंदलेला, प्रत्येकी ५० फुटांच्या ८ कमानींचा पूल जुलै १८६७ मध्ये, उद्घाटनानंतर अवघ्या चार वर्षांत, ऐन पावसाळ्यात कोसळला. कंपनीच्या इतर पुलांच्या दगडी कामातही दोष आढळले. बाहेरून रेखीव घडीव दगड आणि आत मात्र निकृष्ट भराव, असे त्यांचे स्वरूप होते. सह्याद्रीच्या मुसळधार पावसात अशा बांधकामात पाणी मुरते, चुना सैल होतो आणि बाहेरचा दगड आतल्या भरावापासून सुटू लागतो. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र शेवटपर्यंत काही कळत नाही. दगड विपुल होता. उणीव होती ती देखरेखीची.

नाशिककडे जाणाऱ्या थळ घाटात, कसारा व इगतपुरी यांच्या दरम्यान, एहेगाव येथे अतिखोल दरीमुळे दगडी खांबांवर लोखंडी तुळया टाकण्याचा पर्याय निवडण्यात आला. हा मार्ग १८६५ मध्ये खुला झाला असून पुलाची उंची सुमारे १८० फूट आहे. बोर घाटातील रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये बंद झाले. त्याच वर्षी पुण्यापर्यंत विजेवर चालणाऱ्या गाड्या धावू लागल्या.