ॲम्पा ग्राही

ॲम्पा ग्राही : चेतापेशीच्या पटलावरील हे प्रथिन ग्राही, म्हणजे रिसेप्टर, आणि आयन-मार्गिका अशी दोन्ही कामे करते; ग्लुटामेट हा संदेशवाहक रेणू त्याला जोडला गेला, की मधली वाट क्षणार्धात उघडते आणि सोडियमचे आयन पेशीत शिरतात. त्याचे नाव मात्र प्रयोगशाळेत घडवलेल्या एका रेणूवरून पडले. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेल्या अमानिटा मस्कारिया या विषारी अळंबीतील आयबोटेनिक आम्ल ग्लुटामेटच्या अनेक प्रकारच्या ग्राहींना चेतवते. त्याच्या सांगाड्यात नेमके फेरफार करून कोपनहेगनचे औषधी-रसायनशास्त्रज्ञ पोव्हल क्रोग्सगार्ड-लार्सन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८०च्या सुमारास ॲम्पा हा प्रामुख्याने याच ग्राहींना चेतवणारा रेणू तयार केला, ज्यामुळे ग्लुटामेट-ग्राहींचा हा वर्ग वेगळा ओळखता आला, आणि ही निवडक्षमताच त्या संशोधनाचे खरे मोल होय. अपस्मारावरील पेरॅम्पॅनेल हे औषध याच ग्राहीला आवर घालते.