संक्रांतीचे पाणी

रत्नागिरीस गेलेल्या आपल्यापैकी पुष्कळजणींनी थिबा राजाचा वाडा पाहिला असेल. ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले, पुढच्या वर्षी त्याला राणी व मुलींसह रत्नागिरीस आणून ठेवले आणि १९१६ साली तो तेथेच वारला. त्याच्या देशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, नववर्षाचा सण आपल्याला वाटतो तितका परका नाही. त्या सणाविषयी हे चार शब्द.

सणाचे नाव थिंजान. थायलंडात त्यालाच सोंगक्रान म्हणतात. ही दोन्ही आपल्या ‘संक्रांत’ शब्दाचीच रूपे होत. आपण तिळगूळ वाटतो ती मकरसंक्रांत, त्यांची मेषसंक्रांत. पंजाबात बैसाखी आणि केरळात विशू येतो त्याच सुमारास हा सण येतो. ब्रह्मी शक इ. स. ६३८ पासून मोजतात. त्याचे गणित आपल्या सूर्यसिद्धान्ताच्या परंपरेतले आहे. त्यातील वर्ष ऋतुवर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी मोठे असते. म्हणून साठ वर्षांना एक दिवस या हिशेबाने सण मार्चमधून सरकत सरकत एप्रिलच्या मध्यावर आला आहे.

यामागची कथाही ओळखीचीच वाटेल. इंद्र आणि एक ब्रह्मा यांच्यात गणितावरून पैज लागली. ब्रह्मा हरला आणि ठरल्याप्रमाणे त्याचे शिर उतरविले गेले. पण ते इतके तेजस्वी की जमिनीवर ठेवावे तर जमीन जळेल, समुद्रात टाकावे तर समुद्र आटेल! तेव्हा देवकन्यांनी ते आळीपाळीने हातांत धरावे असे ठरले. एकीकडून दुसरीकडे शिर जाते, तो नववर्षाचा क्षण. थायलंडात त्या ब्रह्म्याच्या सात मुली सांगतात. जग जळू नये म्हणून वर्षभर भार वाहणाऱ्या या मुलींची कथा आम्हां बायकांना निराळी समजावून द्यायला नको.

घरोघरी सण कसा होतो? दारात फुलापानांनी भरलेले मडके मांडतात. उपवास करतात, बुद्धाची शीले पाळतात, मासे पाण्यात सोडून देतात. तरुण मंडळी वडीलधाऱ्यांचे केस धुऊन देतात, आणि तेही आपल्याच शिकेकाईने! तांदळाच्या पिठाच्या गोळ्यात गुळाचा खडा भरून तो उकळत्या पाण्यात सोडतात. गोळा तरंगला की शिजला. वर ओला नारळ. थट्टेखातर एखाद्या गोळ्यात मिरचीही भरतात. आणि पाणी? जुन्या रीतीने चांदीच्या वाटीतील सुगंधी पाण्यात जांभळाच्या जातीची डहाळी बुडवून ते हलकेच शिंपडायचे. सरत्या वर्षाचा मळ धुऊन जावा, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु त्याच पाण्याची एक कडू आठवणही ब्रह्मी बखरींत आहे. पगानचा राजा नरथिहपते (राज्यकाल १२५६ ते १२८७) याने राजवाड्यापासून नदीपर्यंत आडोसा बांधून अंतःपुराची जलक्रीडा मांडली. तेथे त्याने दासीकरवी सॉ लोन राणीच्या अंगावर पाणी उडवविले. तोंड आणि केस भिजलेली राणी सर्वांदेखत खजील झाली. राजाला ती थट्टा वाटली, तिला तो अपमान वाटला. पुढे तिने राजावर विषप्रयोग करू पाहिला. तो उघडकीस आला आणि तिला प्राणास मुकावे लागले. तिच्या कृत्याचे समर्थन कोण करील? पण राजाला तिच्या मनाची विचारपूस करावीशी वाटली नाही, हेही विसरता येत नाही.

लोकांनी मात्र या सणाचा मान राखला. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा त्या एप्रिलात पुष्कळांनी पाणी खेळण्याचे वर्ज्य केले आणि नववर्षाच्या मडक्यांवर निषेधाच्या घोषणा लिहून ती रस्त्यावर मांडली. आनंदाचे पाणी जुलमाच्या सावलीत उडवायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. युनेस्कोने मानवजातीच्या वारशात सोंगक्रानची नोंद २०२३ मध्ये आणि थिंजानची २०२४ मध्ये केली.

आपल्याकडे रंगपंचमीला ‘सणच आहे, रागावू नये’ असे म्हणून नको म्हणणारीलाही भिजवितात. त्या वेळी सॉ लोन राणी आठवावी. आणि आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला गुलाबदाणीतून दोन थेंब शिंपडताना आपण समोरचीकडे पाहून हसतो, तेही आठवावे. थिंजानची जुनी रीत याहून निराळी नव्हती.