‘विरोधी पक्ष’ : एका संज्ञेची परभणीतील वाटचाल

‘विरोधी पक्ष’ ही संज्ञा आता इतकी रुळली आहे की तिच्यातील दोन पदांचा परस्परांशी असलेला ताण सहसा ध्यानात येत नाही. ‘विरोध’ हे पद ‘रुध्’, म्हणजे अडविणे, या धातूपासून सिद्ध झाले आहे. ‘पक्ष’ म्हणजे पंख, पंधरवडा, बाजू. त्याचप्रमाणे वादात मांडलेले म्हणणेही. शास्त्रग्रंथांत प्रतिवाद्याचे म्हणणे ‘पूर्वपक्ष’ म्हणून आधी मांडावे लागते. त्याचे निराकरण झाल्यावरच सिद्धान्त उभा राहतो. एक पद अडथळा सुचविते, दुसरे उत्तराची अपेक्षा. राजकीय व्यवहारात यांपैकी कोणता अर्थ प्रभावी ठरतो, हा प्रश्न निव्वळ व्युत्पत्तीचा नव्हे. परभणी जिल्ह्याच्या इतिहासात तो प्रत्यक्ष उपस्थित झालेला दिसतो.

निजामी राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती. उर्दूत विरोधी पक्षाला ‘हिज्ब-ए-इख्तिलाफ’ म्हणतात; ‘इख्तिलाफ’ म्हणजे मतभेद. परंतु भाषेत शब्द असला, तरी राज्यव्यवस्थेत त्याला जागा असतेच असे नाही. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली परतूर येथे भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १९८१ मध्ये ते जालना जिल्ह्यात गेले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली. ती १९४६ मध्ये उठली. मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती. ‘जबाबदार’ या शब्दात ‘जबाब’ आहे, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. पूर्वपक्षाला उत्तर देण्याचे बंधनच न मानणाऱ्या सत्तेच्या लेखी मतभेद आणि राजद्रोह एकच ठरतात. ब्रिटिश संसदेत १८२६ मध्ये जॉन कॅम हॉबहाउस यांनी ‘राजाचा विरोधी पक्ष’ हा प्रयोग केला तो विनोदाने. पुढे तोच गांभीर्याने रूढ झाला. हैदराबादेत अशा कल्पनेला अवकाशच नव्हता.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर हा अवकाश निर्माण झाला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत परभणीने शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांना लोकसभेवर पाठविले. ज्या भूमीत मतभेदाला बंडाचा अर्थ लावला जात असे, तेथे तो मतपत्रिकेवर आला. १९७७ मध्ये त्याच पक्षाचे शेषराव देशमुख येथून निवडून आले आणि १९७८ मध्ये हा पक्ष महाराष्ट्रात पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात सहभागी झाला. त्याच वर्षी विधिमंडळातील विरोधी पक्षनेत्यांना वेतन व भत्ते देणारा राज्याचा कायदाही झाला. ‘विरोधी’ ही कोणा पक्षाची जात नसून राज्यव्यवस्थेतील एक स्थान आहे, हे या घटनांतून स्पष्ट होते.

तेव्हा या संज्ञेतील विशेषणापेक्षा नाम अधिक अर्थपूर्ण आहे. विरोधकाने अडविले किंवा नाही, यावरून त्याचे मोल ठरत नाही. त्याचा पक्ष मांडला गेला काय आणि त्याला उत्तर मिळाले काय, यावरून ते ठरते. ज्या व्यवस्थेत पूर्वपक्ष ऐकला जात नाही, तेथील सिद्धान्त हा सिद्धान्त नसून केवळ आज्ञा असते. परभणीने तो काळ अनुभवला आहे.