स्त्रीपार्टी नट

मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा पुरुष नट. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून जवळजवळ नव्वद वर्षे नायिका बहुतांशी पुरुषच असे. घरंदाज बाईने रंगभूमीवर येणे तेव्हा समाजाला खपत नव्हते.

काम लुगडे नेसून भागत नसे. कोणी केस वाढवी, कोणी गंगावन लावी. मिशी मात्र सर्वांनाच उतरवावी लागे. बाप हयात असताना मिशी काढणे अशुभ मानणाऱ्या समाजात ही लहान गोष्ट नव्हती. नऊवारीतली चाल, पदर सावरण्याची लकब, मान वेळावणे हे अंगात इतके मुरे की नाटक संपल्यावरही ते सुटत नसे. आवाज फुटला किंवा अंग भरले की अनेकांची कामे हातची जात. भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) सुभद्रेच्या भूमिकेनंतर पुढे पुरुषभूमिकांकडे वळले.

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) मात्र वळू शकले नाहीत. त्यांची नथ, त्यांचे नेसणे, त्यांचा गजरा पाहून पुण्या-मुंबईच्या बायका नटू लागल्या; पुरुषाने बायकांना बाईपण शिकवावे, हा प्रकार विलक्षणच. ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात (१९३५) ते एकनाथ झाले, पण पुरुषवेषातले गंधर्व प्रेक्षकांना रुचले नाहीत. दोनच वर्षांनी, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते ‘साध्वी मीराबाई’त पुन्हा बाईच्या वेषात उभे राहिले. पुढे शरीर स्थूल झाले तरी त्यांनी स्त्रीभूमिका सोडल्या नाहीत. उलट स्त्रीपार्टी म्हणूनच गाजलेले विष्णुपंत पागनीस १९३६ साली पडद्यावर संत तुकाराम झाले आणि लोकांनी तुकोबा म्हणून त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवले. त्यांच्या देहबोलीतले मार्दव तिथे भक्तीच्या कामी आले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रियांची कामे स्त्रियांनी केली आणि नाटकातला हा प्रघात ओसरत गेला.

तमाशातला नाच्या वेगळा. तो नायिका होत नाही. टाळ्या वाजवत, कंबर लचकवत, मुरडत पुरुष-बाई दोन्हींच्या मधला उभा राहतो. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी चित्रपटांत ही भूमिका इतकी हुबेहूब वठवली की लोक त्यांना घरीदारीही तसेच समजत. त्याचा जाच त्यांच्या मुलाबाळांपर्यंत गेला.

आनंद यादवांच्या कादंबरीवरील ‘नटरंग’ चित्रपटासाठी (२०१०) अतुल कुलकर्णी यांनी आधी पैलवानाचे शरीर कमावले, मग नाच्या होण्यासाठी तेच उतरवले.