लेखनाचा सन आणि प्रकाशनाचा सन

ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठाच्या तळाशी जो सनाचा आकडा छापलेला असतो त्यावर आपण सारे फार विसंबून असतो. वाङ्मयेतिहासात ग्रंथाच्या नावापुढे कंसात तोच आकडा येतो, शाळेत मुले तोच पाठ करतात, आणि अमुक ग्रंथ आधीचा की तमुक, हा वादही त्याच आकड्याच्या बळावर निकालात काढला जातो. पदरच्या पैशाने पुस्तक काढणाऱ्या ग्रंथकाराच्या बाबतीत मात्र हा आकडा पुष्कळदा फसवा असतो. त्याचाच थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषय सुचला तो स्वानुभवाने. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या शाळेचा लहानसा इतिहास लिहिला व स्वखर्चाने त्याच्या तीनशे प्रती काढल्या. छापखानदाराने उत्साहाच्या भरात पहिला फर्मा शीर्षकपृष्ठासह छापून टाकला. पुढे लग्नपत्रिका आल्या, निवडणुकीची पत्रके आली, आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत आमचे पुस्तक मागे मागे सरकत गेले. उरलेले फर्मे छापून बांधणी होईपर्यंत दोन वर्षे गेली. पुस्तक हाती पडताच एका स्नेह्याने विचारले, "मास्तर, हे न खपलेले जुने पुस्तक का वाटता?" ग्रंथालयातही त्याची नोंद जुन्याच सनाखाली झाली. आम्ही तेव्हा हसलो; पण आपल्या जुन्या ग्रंथकारांच्या आकड्यांमागेही असेच काही दडले असेल काय, हा प्रश्न मनातून जाईना.

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, म्हणजे मराठी मुद्रणाच्या उमेदीच्या काळात, ग्रंथकारास तीन वाटा होत्या. सरकारी शिक्षणखात्याने किंवा दक्षिणा प्राइझ कमिटीने ग्रंथ पसंत करावा. आगाऊ वर्गणीदार मिळवून त्यांच्या पैशावर तो छापावा. नाही तर स्वतःची थैली सोडावी. तिसरी वाट धरणारा मजकुराचा, किमतीचा आणि प्रतींच्या संख्येचा धनी असे. प्रकाशनाच्या दिवसाचा धनी मात्र तो क्वचितच असे. तो दिवस छापखाना, कागद आणि थैली ही तिघे मिळून ठरवीत.

या व्यवहाराला दप्तरी रूप दिले ते 1867 च्या पंचविसाव्या कायद्याने. छापखान्यांवर नजर ठेवणे आणि छापलेल्या पुस्तकांची नोंद व जतन करणे असे दोन्ही हेतू त्यात होते. प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात दाखल कराव्या लागत, आणि दर तिमाहीस प्रांतिक गॅझेटात याद्या प्रसिद्ध होत. पुस्तकाचे नाव, भाषा, ग्रंथकर्ता, मुद्रक, प्रकाशक, पृष्ठे, आवृत्ती कितवी, प्रती किती, किंमत काय, मुद्रणहक्क कोणाचा, आणि पुस्तक छापखान्यातून बाहेर पडल्याची तारीख, इतके रकाने त्यांत असत. 2023 साली नव्या कायद्याने हा जुना कायदा मोडीत काढला. परंतु त्या जुन्या याद्या म्हणजे मराठी ग्रंथेतिहासाची खाणच आहे. कारकुनी डोक्यातून निघालेल्या या रकान्यांचे आमच्यावर मोठे ऋण आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. फक्त एक रकाना त्यांत नव्हता: पुस्तक लिहून केव्हा पुरे झाले, हा. सरकारास त्याचे प्रयोजन नव्हते. दुर्दैवाने पुढे आपल्या इतिहासकारांनाही ते फारसे वाटले नाही.

आवृत्तीच्या आकड्याचेही असेच आहे. ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' 1882 साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापली गेली. प्रती 500, किंमत 9 आणे. त्यानंतर स. गं. मालशे यांनी ती पुन्हा उजेडात आणली ती 1975 साली. दोन प्रकाशनांमध्ये 93 वर्षे! या मधल्या काळात पुस्तक जिवंत होते असे म्हणावे की नव्हते?

परंतु या प्रश्नाची सर्वांत बोलकी उदाहरणे जोतीराव फुले यांच्या ग्रंथसंभारात सापडतात. सरकारमान्य वाट त्यांनी प्रथम चोखाळून पाहिली होती. 1855 साली लिहिलेले 'तृतीय रत्न' हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नाकारले. छापील रूपात ते वाचकांपुढे आले 1979 साली, म्हणजे 124 वर्षांनी. 1869 चा शिवाजीराजांचा पवाडा, 1873 ची 'गुलामगिरी' ही पुस्तके मात्र वेळेवर निघाली. बांधकामाची कंत्राटे घेणारा हा गृहस्थ स्वतःच्या मिळकतीवर पुस्तके काढू शकत होता. असे असता 'शेतकऱ्याचा असूड' का अडला?

'असुडा'चा उपोद्घात 18 जुलै 1883 या तारखेचा आहे. म्हणजे ग्रंथ त्या दिवशी ग्रंथकाराच्या दृष्टीने सिद्ध होता. त्याचा सुरुवातीचा भाग 'दीनबंधु' पत्रात येऊ लागला, आणि मग संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढचा छापण्याचे थांबविले. सरकारच्या रोषाची धास्ती हे कारण सांगितले जाते. लोखंड्यांना भित्रे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस ते न्यायाचे वाटत नाही. 1878 चा देशी वृत्तपत्रांचा कायदा 1882 त रद्द झाला असला तरी त्याची आठवण ताजी होती, आणि पत्र बंद पडले असते तर बहुजनसमाजाचे एकुलते एक मुखपत्र गेले असते. जोतीराव मात्र संतापले. आपल्याच माणसांतले छापखानेवाले कच खातात, हे शल्य त्यांनी लिहूनही ठेवले आहे.

मग त्यांनी काय केले? हस्तलिखित काखोटीस मारून ते गावोगाव वाचीत गेले. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्याची वाचने झाली. आम्हां बडोदेकरांच्या दृष्टीने विशेष म्हणजे सयाजीराव महाराजांनीही तो ग्रंथ त्यांच्या मुखातून लक्षपूर्वक ऐकला व द्रव्य देऊन त्यांचा आदर केला. जोतीरावांनी उपोद्घातात त्याचा कृतज्ञतापूर्वक उल्लेख केला आहे. हे प्रकाशन नव्हे तर काय? ज्या शेतकऱ्यांसाठी ग्रंथ लिहिला त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. छापील प्रत त्यांच्या घरी गेली असती तरी कोणी तरी वाचून दाखवावीच लागली असती. कीर्तनाने आणि पोथीवाचनाने कान तयार झालेल्या समाजात ग्रंथाची पहिली आवृत्ती श्रवणाची निघावी, यात नवल ते काय? मात्र अशा आवृत्तीची नोंद गॅझेटात होत नाही. 'असूड' संपूर्ण स्वरूपात सर्वांच्या हाती आला तो धनंजय कीर व मालशे यांनी संपादिलेल्या आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1969 साली प्रसिद्ध केलेल्या समग्र वाङ्मयामुळे.

या अनुभवाने जोतीराव शहाणे झाले असावेत. 1885 साली त्यांनी 'सत्सार'चे दोन छोटेखानी अंक स्वतःच काढले. दुसऱ्याच्या पत्रावर विसंबणे नको, आणि मोठ्या ग्रंथाइतका खर्चही नको. (पुण्यात भरलेल्या ग्रंथकार सभेचे रानड्यांनी दिलेले आमंत्रण त्यांनी नाकारले तेही याच वर्षी.) शेवटचा 'सार्वजनिक सत्यधर्म' त्यांनी पक्षाघातानंतर डाव्या हाताने लिहिला, 1889 त पुरा केला, तो निघाला 1891 साली, ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर.

टिळकांची गोष्ट याहून निराळी. 'केसरी'सारखे पत्र हाताशी असल्यामुळे त्यांना प्रकाशकाची वाण नव्हती; तरीही त्यांच्या वेदकालावरील दुसऱ्या इंग्रजी ग्रंथाचे हस्तलिखित 1898 च्या अखेरीस तयार झाले आणि ग्रंथ बाहेर पडला 1903 त. 'गीतारहस्य' तर मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात पाच महिन्यांत पेन्सिलीने लिहिले गेले. 1914 च्या जूनमध्ये सुटका झाली तेव्हा वह्या सरकारच्या ताब्यात राहिल्या, त्या काही काळाने मिळाल्या. तोवर महायुद्ध सुरू होऊन कागदाची टंचाई आली. ग्रंथ निघाला 1915 च्या जूनमध्ये, आणि पहिली आवृत्ती थोड्याच दिवसांत संपली. पण टिळकांनी एक फार चांगली गोष्ट केली. पहिला मसुदा कोणत्या तिथीस सुरू झाला व कोणत्या तिथीस संपला, हे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले. वकिली शिस्त म्हणा, पंचांगकर्त्याचा स्वभाव म्हणा. 'गीतारहस्या'च्या जन्मकाळाबद्दल म्हणूनच कोणाचा घोटाळा होत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, न छापलेला ग्रंथ कोणावर परिणाम करीत नाही, तेव्हा इतिहासात प्रकाशनाचा सनच खरा. हा आक्षेप पोकळ नाही. 'तृतीय रत्न' वाचून 1860 च्या किंवा 1880 च्या नाटककाराने काही उचलले, असे म्हणता येणार नाही. परंतु मराठी मनाने शूद्र शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा विचार केव्हा केला, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर 1969 असे द्यावयाचे काय? प्रभाव मोजावयाचा असेल तर एक सन घ्यावा, विचाराचे वय मोजावयाचे असेल तर दुसरा. आम्हांस खटकते ते हे की, आपल्या सूचींत एकाच आकड्याला जागा ठेवलेली असते, आणि तो आकडा बहुधा छापखान्याचा असतो.

आमच्या परिषदेच्या ग्रंथालयात बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील ग्रंथकारांनी स्वखर्चाने काढलेली कितीतरी पुस्तके आहेत. त्यांच्या प्रस्तावनांखाली बहुधा तिथी व गाव दिलेले असते, आणि शीर्षकपृष्ठाशी ते नेहमी जुळतेच असे नाही. नवी सूची करताना त्या तिथींसाठी एक रकाना वाढवावा, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळाकडे लेखी दिली आहे. दरम्यान आमच्या शाळेच्या इतिहासाच्या ज्या चाळीसेक प्रती माळ्यावर उरल्या आहेत, त्यांच्या शीर्षकपृष्ठावरील आकड्यापुढे खरा सन आम्ही शाईने घालीत आहोत.