कवटी आणि कथा

इ. स. १९१२ च्या डिसेंबरांत लंडन येथें भूस्तरशास्त्रज्ञांच्या सभेपुढें पिल्टडाऊन गांवीं सांपडलेले कवटीचे तुकडे मांडण्यांत आले. मेंदू माणसाएवढा, जबडा मात्र वानराचा! आधीं बुद्धि वाढली, मागाहून देह सुधारला, ही कथा तेथील अनेक पंडितांस प्रिय होती. तिला जणुं पुरावाच लाभला. १९२५ मध्यें रेमंड डार्ट यांनीं दक्षिण आफ्रिकेंतील टाउंग येथील बालकाची कवटी प्रसिद्ध केली. तें लहान मेंदूचें, पण ताठ चालणारें. म्हणून पुष्कळांनीं तिकडे पाठ फिरविली. अखेर १९५३ मध्यें पिल्टडाऊनचें कपट उघड झालें : कवटी माणसाची, जबडा खरोखरच वानराचा आणि दांत कानशीनें घासलेले! तुटक खुणांची कथा जुळविणें हा उत्क्रांतींत घडलेल्या मानवी मनाचा धर्मच होय; परंतु जुळलेली प्रत्येक कथा खरी नसते.